साक्षीदार आरसा

१

डबी होती, झाकण होतं, झाकणावर चिकटपट्टीही होती. आत मात्र काही नव्हतं.

मी डबी उलटी करून तळहातावर आपटली. बिस्किटाएवढा आरसा, तोही आपल्या छोट्या पेटीत बंद, डबीच्या कोपऱ्यात कसा दडून बसेल? पण माणूस चिडला की असली कामं करतो, आणि मी तर सकाळपासूनच चिडलेली होते. आदल्या रात्री बाबांनी झोपू दिलं नव्हतं, ते पुढे सांगेनच. त्यात साहेब माझ्या डोक्यावर उभे राहून घड्याळ बघत होते.

आमच्या धंद्यात या छोट्या आरशाला साक्षीदार म्हणतात. दुर्बिणीच्या मोठ्या आरशावर चकचकीत लेप चढवला, तेव्हा हा छोटा त्याच भट्टीत त्याच्या शेजारी होता. पुढे मोठा आरसा क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळ-वाफ येऊ न देणाऱ्या आमच्या खोल्यांमध्ये, जिथे जिथे गेला, तिथे हा शेजारी तोंड वर करून पडून राहिला. मोठ्यावर जी धूळ, जी वाफ बसली असेल, ती यावरही बसली असणार. मोठा आता दुर्बिणीत बसून पृथ्वीभोवती फिरतोय, त्याला कोण हात लावणार? म्हणून विचारायचं ते याला. आणि ज्या दिवशी विचारायचं ठरलं, त्याच दिवशी साक्षीदार फरार.

या संस्थेत माझं काम तपासणीचं. पाठीमागे मला शंकासुर म्हणतात आणि समोर ताई. मला दोन्ही चालतं.

भानगड काय ती आधी सांगते. आमची दुर्बीण बघते अतिनील उजेड, म्हणजे तरुण, तापट ताऱ्यांचा. तो आपल्या हवेतून खाली पोचतच नाही, म्हणून तर दुर्बीण वर पाठवायची यातायात. हा उजेड भारी नखरेल असतो. आरशावर तेलकट वाफेचा इतका पातळ थर बसला की डोळ्यांनाही दिसू नये, तरी तो गिळला जातो. त्यामुळे क्लीनरूममध्ये अत्तर नको, केसांना तेल नको, हाताला मलम नको. आणि दुर्बीण धडधाकट आहे की नाही हे बघायला आम्ही अधूनमधून तिला एक ठरलेला तारा दाखवतो. त्याला परीक्षेचा तारा म्हणतात. त्याचा उजेड बदलत नाही, त्यामुळे तो फिका दिसला तर दोष आपला.

गेले काही महिने तो फिका दिसत चालला होता.

साहेबांचा निकाल तयार होता. आरसा मळलाय, लेप चढवणाऱ्या बाईच्या निष्काळजीपणाने मळलाय, आणि उद्या दुपारच्या फेरीत, म्हणजे दुर्बीण आपल्या डोक्यावरून जाईल तेव्हा, आरशामागचा हीटर पूर्ण जोरात लावून तो मळ जाळून टाकायचा. आरसा ज्या गोंदाच्या ठिपक्यांवर बसलाय ते इतक्या उष्णतेत सरकले तर? मग कायमची धूसर दुर्बीण. साहेब म्हणाले, आंधळी होण्यापेक्षा धूसर बरी. लेपवाल्या बाईला पुढच्या दुर्बिणीवरून काढायचा आदेशही त्यांनी लिहून ठेवला होता.

डबीच्या कपाटाच्या किल्ल्या चौघांकडे होत्या. साहेब, लेपवाली, डिटेक्टरवाला आणि मी. साहेबांनी डबीकडे बोट दाखवून विचारलं, "आता चोर कोण हे सांगायला तपास हवा का?"

मी चिकटपट्टीकडे बघत होते. ती घरात वापरतात तसली साधी, पारदर्शक पट्टी होती. तिच्या गोंदाला वास सुटतो म्हणून क्लीनरूमच्या आसपासही ती आणायला बंदी आहे. आणि तिचं एक टोक कुणीतरी नीट दुमडून ठेवलं होतं, पुन्हा उघडताना नखाने खरवडायला लागू नये म्हणून.

२

लेपवालीला सगळे आरसेबाई म्हणतात. ती आपल्या खोलीत उभीच होती. बसायला सांगितलं तरी बसेना. तिच्या खोलीला काचेची भिंत आहे, पलीकडून जाणारायेणारा प्रत्येक जण आत डोकावत होता आणि तिने एकदाही पडदा ओढला नव्हता.

तिचे हात बघवत नव्हते. दिवसभर हातमोजे आणि सतत अल्कोहोलने धुणं, त्यामुळे बोटांच्या पेरांवर चिरा पडलेल्या. तिच्या बाहेरच्या लॉकरमध्ये मलमाची ट्यूब सापडली होती आणि साहेबांच्या लेखी तोच पुरावा होता. तिचं म्हणणं, ती घरी जाताना लावायची असते. आत कधी नेली नाही, लावून कधी गेले नाही. दोन वाक्यांत सांगून गप्प झाली. गयावया करायचा तिचा स्वभावच नाही, आणि अशा माणसांवरच खापर लवकर फुटतं.

मी म्हटलं, मला अडाण्यासारखं समजावून सांग, आरसाच मळलाय असं सगळे कशावरून म्हणतात. तिने सांगितलं. दुर्बिणीत उजेड मोजणाऱ्या डिटेक्टरच्या तोंडाशी एक छोटा दिवा आहे. त्याचा उजेड आरशाकडे न जाता थेट डिटेक्टरवर पडतो. रोज तो लावतात, आणि डिटेक्टर त्याचा आकडा पहिल्या दिवसासारखाच दाखवतो. म्हणजे डिटेक्टर ठणठणीत. ताऱ्याचा उजेड मात्र आरशावरून येतो आणि तोच फिका. दिवा ठीक, तारा फिका, तर मधे उरलं कोण?

"आरसाच," ती म्हणाली. "मी त्यांच्या जागी असते तर मीसुद्धा हेच म्हटलं असतं, ताई. तेच तर झोपू देत नाही. रोज संध्याकाळी ह्यांना विचारते, आज किती आला आकडा? रोज थोडा कमी."

हे म्हणजे तिचे यजमान. ते याच इमारतीत दुर्बिणीचं वेळापत्रक लावतात, कुठल्या वेळी तिने कुठे बघायचं ते ठरवतात. त्यांचं नावच पडलंय टाइमटेबल.

निघताना मी तिला साक्षीदार कसा दिसतो म्हणून विचारलं. तिने खण ओढला. आत कापडावर तसलेच छोटे आरसे ओळीने मांडलेले होते. त्याच घाण्यातले, त्याच दिवशीचे, पण कधी उघड्यावर न ठेवलेले. एकासारखा एक. साक्षीदार यांच्यात ठेवला तर तिलाही हाताने ओळखता येणार नाही म्हणाली, यंत्रावरच मोजावं लागेल.

मी खण लोटला आणि बाहेर पडले. जिन्यात मधेच थांबले. काहीतरी टोचत होतं, पण काय ते कळेना.

३

डिटेक्टरवाल्याला आम्ही डोळेदादा म्हणतो, कारण डिटेक्टर म्हणजे दुर्बिणीचा डोळा. दादा बोलायला गोड, पण आपल्या डोळ्याबद्दल कुणी वावगं बोललं की तोंड फिरवून बसणारा. मी आत गेले तर त्याने मला न विचारताच सांगून टाकलं की डोळा उत्तम आहे.

मी त्याला कौतुकाने विचारत राहिले. कौतुक केलं की दादा खुलतो. तो डोळा म्हणजे काचेची एक चकती, तिच्यात केसाहून बारीक अशी लाखो भोकं. उजेडाचा एक कण भोकात शिरला की आत विजेचा लोंढा उठतो आणि तो लोंढा मोजायचा. प्रत्येक भोकाला आयुष्यात ठरावीकच लोंढे झेपतात, म्हणून दादा फार भडक तारे दाखवू देत नाही, त्यावरून टाइमटेबलशी त्याची रोज खडाजंगी होते. रोजच्या दिव्याचं विचारलं तर म्हणाला, उजेड अख्ख्या डोळ्यावर पसरतो आणि सगळ्याची मिळून एक बेरीज खाली येते. बेरीजच का? तर फेरी काही मिनिटांचीच, तेवढ्यात सगळं खाली आणायचं, मग एका आकड्यात काम भागत असेल तर जास्त कशाला?

मग दार लोटून घेऊन तो हळू आवाजात बोलला. दुर्बीण वर गेल्यावर तिच्या तोंडावरचं झाकण काही आठवडे बंद ठेवायचं असतं. आतल्या गोंदाचा, प्लास्टिकचा वास आधी उडून जावा लागतो. साहेबांनी ते लवकर उघडायला लावलं, कारण पाहुणे येणार होते आणि त्यांना पहिलं चित्र दाखवायचं होतं. तेव्हा आरसेबाई एकटी विरोधात उभी राहिली होती. बाकी सगळे मूग गिळून बसले, दादासुद्धा.

झालं, माझ्या डोक्यात साहेब शिरले. त्यांच्या घाईने आरसा मळला असेल तर छोटा साक्षीदार स्वच्छ निघणार, कारण तो कधी वर गेलाच नाही. मग मळ जमिनीवरचा नाही हे सिद्ध, आरसेबाई सुटली आणि साहेब अडकले. साक्षीदार नाहीसा व्हावा असं वाटायला याहून मोठं कारण कुठलं? मी तडक त्यांच्या खोलीत गेले आणि झाकणाचं तोंडावर विचारलं. त्यांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मला दाराबाहेर काढायचंच राहिलं होतं. पण एक गोष्ट मी पाहिली. घाम पुसून झालेला रुमाल त्यांनी पुन्हा कपाळाला लावला. माणूस घाबरलेला होता, पण साक्षीदाराचं नाव काढलं तेव्हा नाही, झाकणाचं काढलं तेव्हा.

उपहारगृहात गुच्छसर भेटले. ते तारकागुच्छांचा अभ्यास करतात आणि दुर्बिणीचा सगळ्यात जास्त वेळ तेच खातात. आरसा मळल्याचा त्यांना त्रास होतो का विचारलं, तर त्यांनी हात झटकला. त्यांची चित्रं झकास येत होती. उलट त्यांना मोठा शोध लागला होता. आजकाल बघावं त्या गुच्छात तरुण तारे कडेला आणि मधोमध सगळे म्हातारे, फिकट. प्रत्येक गुच्छात तेच. निसर्गाचा नियमच असावा म्हणाले, आणि आनंदाने माझ्या ताटलीतली काकडीची चकती उचलून खाल्ली.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ज्याचा आरसा मळलाय त्याची चित्रं झकास कशी?

४

टाइमटेबल आपल्या जागेवर पाय हलवत बसला होता. मला बघून उठला, पुन्हा बसला. भिंतीवर परीक्षेच्या ताऱ्याचा आलेख होता, प्रत्येक मोजणीचा एक ठिपका आणि ठिपक्यांमधून उतरत गेलेली रेघ. मी तिच्यासमोर उभी राहिले.

सुरुवातीला ठिपके लांब लांब होते आणि रेघ जेमतेम उतरली होती. नवीन दुर्बिणीचं थोडं असं होतंच. मग ठिपके जवळजवळ येऊ लागले. पुढे पुढे तर इतके दाट की मुंग्यांची रांग वाटावी, आणि तिथे रेघ भराभर खाली आलेली. मी विचारलं, इतक्या वेळा परीक्षा कशाला? तो म्हणाला, एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळताना दुर्बिणीला मधे थोडा वेळ रिकामा मिळतो. त्या फटी त्याच्या अखत्यारीत. तिथे तो एक एक मोजणी घालतो.

"घरी गेलं की ती दारातच विचारते," तो म्हणाला. "वाटतं, आज एखादा तरी बरा आकडा घेऊन जावं. म्हणून आणखी एकदा बघतो."

मधे एका ठिकाणी रेघच तुटली होती. तेव्हा सूर्याची किरणं आत येतील असा चुकीचा इशारा मिळून दुर्बीण आपणहून मिटून गेली होती आणि तिला जागं करायला काही आठवडे लागले. त्या मोकळ्या जागेच्या अलीकडचा ठिपका आणि पलीकडचा ठिपका मी पट्टीने जोडले. दोन्ही एकाच उंचीवर. म्हणजे इतके दिवस गेले आणि काहीच बिघडलं नव्हतं.

मी विचारलं, तारा नेहमी एकाच जागी पाडतोस का? त्याला ते लागलं. अर्थातच, म्हणाला, डोळ्याच्या बरोब्बर मध्यावर. तुलना खरी व्हायची तर जागा तीच हवी. नियमच आहे तो, आणि त्याने कधीच कसूर केली नव्हती.

मी निघाले तसा तो पाठोपाठ दारापर्यंत आला. साक्षीदार मळका निघाला असता तर तिला लगेच काढलं असतं ना, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, हो. त्याने मान हलवली आणि परत जाऊन पाय हलवत बसला.

संध्याकाळी मला घरी जाववेना. मी आरसेबाई आणि टाइमटेबलच्या घरी गेले, म्हटलं, घरातली मलमाची ट्यूब कुठल्या जातीची ते बघायचंय. तो अजून आला नव्हता. आरसेबाईने चहा टाकला. स्वयंपाकघर लखलखीत आणि ती त्यात इकडून तिकडे फिरतेय, पुसलेलं पुन्हा पुसतेय. साखरेची पिशवी काढली, तिच्या तोंडाला पारदर्शक चिकटपट्टी. बिस्किटांचा पुडा काढला, त्यालाही. औषधाचा खोका, त्यालाही. प्रत्येक पट्टीचं टोक नीट दुमडलेलं होतं.

माझं लक्ष गेलेलं तिने पाहिलं आणि थोडं हसली. म्हणाली, ही सगळी ह्यांची कामं. माझ्या बोटांना चिरा आहेत ना, मला पट्टी खरवडावी लागू नये म्हणून सगळीकडे अशी शेपटी ठेवतात.

दाराशेजारच्या खिळ्यावर तिच्या किल्ल्यांचा जुडगा लटकत होता. माझा चहा तसाच राहिला.

५

आता बाबांचं. माझे बाबा आयुष्यभर हिशेबाने वागलेले, हल्ली मात्र एकाच गोष्टीने बेचैन असतात. दाराची कडी लागली का? झोपले की उठतात, दाराशी जातात, कडी ओढून बघतात, येऊन पडतात, पुन्हा उठतात. मी रागावले, समजावलं, हात जोडले. ते म्हणतात, "अगं, एकदा बघितलं की जिवात जीव येतो." तो जीव काही टिकत नाही.

त्या संध्याकाळी घरी पोचले तर बाबा दारातच विजयी मुद्रेने उभे. म्हणाले, मी सांगत नव्हतो? कडी खरंच बसत नाही. मी पर्स खाली टाकली, पेचकस आणला आणि बघितलं. कडी चांगली होती, दारही चांगलं होतं. फक्त जिथे ते रोज ओढून बघत होते, तिथले स्क्रू हलून हलून लाकडातून सैल झाले होते.

"बाबा, कडीला काहीच झालं नव्हतं," मी म्हटलं. "तुम्ही बघून बघून ढिली केलीत."

आणि पेचकस तसाच हातात धरून मी उंबऱ्यावर बसले. बाबांना वाटलं मला चक्कर आली. ते पाणी आणायला गेले आणि जाताना त्यांनी पुन्हा एकदा कडी ओढली.

६

सकाळी पहिल्या फेरीच्या आधी मी टाइमटेबलला गाठलं. दुपारपूर्वी एखादी फट रिकामी आहे का? होती. मी त्याला काय करायचं ते सांगितलं. त्याने का म्हणून विचारलं नाही, पण टाइप करताना त्याची बोटं दोनदा चुकली. चिकटपट्टीबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. ते नंतर.

दुपारी कंट्रोलरूममध्ये सगळे जमले. हीटरची आज्ञा तयार होती, यंत्रावरच्या बाईने बटणाजवळ हात ठेवला होता. साहेब उभे, दादा हाताची घडी घालून, गुच्छसर उगाचच आलेले, आरसेबाई भिंतीला टेकून, आणि तिचा नवरा तिच्यापासून लांब. दुर्बीण क्षितिजावर यायला थोडा अवकाश होता. मी म्हटलं, तेवढ्यात माझं ऐकून घ्या.

मी दादाला विचारलं, एका भोकाला ठरावीकच लोंढे झेपतात म्हणालास, मग एकाच जागी पुन्हा पुन्हा तारा पाडला तर त्या जागेचं काय होईल? तो म्हणाला, ती जागा थकेल. पण मग दिव्याच्या चाचणीत ते दिसलं असतं.

"कसं दिसेल?" मी म्हटलं. "तू अख्ख्या डोळ्याची बेरीज घेतोस. चण्याएवढा डाग मेला तर एवढ्या बेरजेत काय फरक पडणार?"

दादाची घडी सुटली.

मग मी साहेबांकडे वळले. मळ सुट्टी घेत नाही. दुर्बीण मिटून पडली होती तेव्हाही तो बसत राहायला हवा होता, पण तेवढे दिवस रेघ उतरली नाही. ती उतरते फक्त आपण बघतो तेव्हा, आणि जितकं जास्त बघतो तितकी जास्त. शिवाय आरसा मळला असता तर सगळंच फिकं झालं असतं. गुच्छसरांचे गुच्छ कडेला झळझळीत आहेत, म्हातारे आहेत ते फक्त मधले तारे, आणि तेही प्रत्येक गुच्छात. कारण सर दर वेळी गुच्छाचा मध्य डोळ्याच्या मध्यावर पाडतात. गुच्छसरांचा चेहरा पाहवेना. त्यांचा निसर्गनियम जागच्या जागी वारला होता.

"म्हणजे आपण तपासून तपासून..." साहेबांनी वाक्य पुरं केलं नाही.

तपासून तपासून, मी म्हटलं. काळजी वाटली म्हणून बघितलं, बघितलं म्हणून फिकं झालं, फिकं झालं म्हणून आणखी काळजी. तेही शिस्तीत, नियमाने, अगदी त्याच जागी. सकाळच्या फटीत दुर्बिणीने दोन मोजण्या केल्यात. एक नेहमीच्या जागी, दुसरीत तारा जरासा बाजूला. दोन आकडे येतील.

यंत्रावरची बाई म्हणाली, दुर्बीण आली. पहिला आकडा पडद्यावर उमटला. तो आजवरचा सगळ्यात कमी होता.

साहेब म्हणाले, "पाठवा आज्ञा."

मी बाईचा हात धरला. असा कुणाचा हात धरायचा मला काही अधिकार नाही, पण धरला. फेरी संपत चालली होती, साहेब माझ्या नावाने काहीतरी ओरडत होते, आणि तेवढ्यात दुसरा आकडा आला.

तो पहिल्या दिवसासारखाच होता.

मी बाईचा हात सोडला. दुर्बीण क्षितिजाखाली गेली आणि हीटरची आज्ञा खालीच राहिली. साहेब खुर्चीत बसले. मग म्हणाले, म्हणजे झाकणामुळे काही झालं नाही ना? मी म्हटलं, नाही, तुमचं नशीब. त्यांनी खिशातून आरसेबाईचा आदेश काढला आणि सगळ्यांसमोर फाडला. दादा तोवर कामाला लागलाही होता, ताऱ्याची जागा थोडी सरकवली की डोळा आणखी कितीतरी वर्षं चालेल म्हणत होता. आरसेबाई भिंतीला टेकूनच होती. तिने डोळे मिटून घेतले होते आणि तिच्या गालावरून पाणी वाहत होतं.

७

तिच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. या वेळी मी काचेवरचा पडदा ओढला.

मी टाइमटेबलला म्हटलं, साक्षीदार कुणी नेला ते मी साहेबांना सांगायच्या आत तू सांगावंस. मग मीच पुढे बोलले. साहेबांना साक्षीदाराची भीती नव्हती, झाकणाची होती. दादाला तर साक्षीदार मळका निघालेलाच हवा होता. आरसेबाईने चोरायचं कारणच नाही, तिच्याकडे खणभर स्वच्छ आरसे आहेत. साक्षीदार काढून त्यातला एक डबीत ठेवला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. चोरी अशा माणसाने केली, ज्याला तो खण ठाऊक नव्हता, क्लीनरूमची चिकटपट्टी ठाऊक नव्हती, आणि साक्षीदार मळकाच असणार याची ज्याला खात्री होती.

त्याने खिशात हात घातला. आरशाची आतली पेटी काढून टेबलावर ठेवली. ती उघडलेलीही नव्हती.

आरसेबाई पेटीकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे.

"तुम्हाला वाटलं, मी मलम लावून आत गेले?"

"तू नाही," तो म्हणाला. "मी लावलं होतं. लेप चढवायच्या आदल्या रात्री. तू थकून झोपली होतीस, बोटांतून रक्त येत होतं. मी दोन्ही हातांना लावलं. सकाळी तू तशीच कामावर गेलीस. आकडा उतरायला लागला तेव्हापासून मला माहीत होतं की हे माझ्यामुळे झालं."

ती आपल्या बोटांकडे बघत राहिली. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण उठले असते तर आवाज झाला असता.

"मी उठले तेव्हाच कळलं मला," ती शेवटी म्हणाली. "पहाटे मोरीत बसून साबणाने धुतलं, पुन्हा अल्कोहोलने धुतलं, निघेपर्यंत घासलं. तुम्ही प्रेमाने लावलेलं, म्हणून सांगितलं नाही. वाईट वाटलं असतं तुम्हाला."

त्याने तोंड ओंजळीत घेतलं. ती त्याच्याजवळ गेली नाही. इतके महिने ती रोज दारात आकडा विचारत होती आणि तो रोज सांगत होता, आणि दोघांपैकी कुणीही हे एवढंसं बोललं नव्हतं. मला दोघांचाही राग आला आणि दोघांची दयाही आली.

मी कामाचं बोलले, दुसरं काही सुचेना. म्हटलं, अहवालात लिहायचं तर साक्षीदार मोजायला हवा. यंत्र शेजारच्याच खोलीत आहे.

आरसेबाईने पेटी उचलली, पण मला दिली नाही. नवऱ्यासमोर धरली.

"तुम्ही सांगा. मोजायचा का?"

त्याने मान वर केली. पेटीकडे पाहिलं, तिच्या हातांकडे पाहिलं, चिरा पडलेल्या त्या बोटांकडे. रोज आणखी एकदा बघितल्याशिवाय ज्याला घरी जाववत नव्हतं, तो माणूस ओठ चावत बसला होता. मग म्हणाला, "नको. गरज नाही."

तिने पेटी माझ्या हातात ठेवली.

"ह्यांनी नको म्हटलं," ती म्हणाली. "आता मोजा, ताई."

मी शेजारच्या खोलीत गेले आणि मोजला. साक्षीदार लख्ख होता, लेप चढवला त्या दिवशी होता तसाच. आकडा सांगायला परत आले तर खोलीत कुणीच नव्हतं. उघड्या दारातून दिसलं, तो साहेबांच्या खोलीकडे चालला होता आणि ती त्याच्याबरोबर जात होती. मी बरोबर आणलेली रिकामी डबी टेबलावर होती. मी पेटी तिच्यात ठेवली, वर क्लीनरूमची पट्टी लावली आणि तिचं टोक जरासं दुमडलं.